नासपतीवरचा अंगठा

"काय झालं दादा?" हारुनने विचारलं.

हेमचंद्र दळवी टेबलावर वाकला होता. टेबलावर चित्र उताणं ठेवलेलं होतं. त्यावरचा पातळ, गुळगुळीत कागद त्याने एका कोपऱ्याकडून अर्धा उचलला होता आणि हात तसाच धरून ठेवला होता. कागदाच्या आतल्या बाजूला काहीतरी पिवळं चिकटलं होतं. भोपळ्याच्या बीएवढं.

"टॉर्च दे," तो म्हणाला.

हारुनने टॉर्च दिली. हेमचंद्रने ती चित्राच्या कडेला आडवी धरली. तशी धरली की रंगाचे उंचवटे दिसतात. निळ्या काठाच्या ताटलीत दोन सफरचंदं, एक लिंबू, आणि ताटलीबाहेर, पुढे, एकटी एक पिवळी नासपती. त्या नासपतीच्या पोटावरचा रंगाचा जाड थर उडाला होता. खाली करडा कॅनव्हास दिसत होता.

"काल नव्हतं हे," हारुन हळूच म्हणाला.

"नव्हतं."

पुढचं दोघांनाही माहीत होतं.

दुबईत अल कूझमधल्या त्या गोदामात हेमचंद्रला बावीस वर्षं झाली होती. सावंतवाडीचा सुतार. पहिली काही वर्षं त्याने चित्रांसाठी लाकडी पेट्या बनवल्या, मग हळूहळू चित्रंच हाताळायला लागला. लोकांच्या घरी जाऊन चित्र भिंतीवरून उतरवायचं, इंच न् इंच तपासून कंडिशन रिपोर्ट भरायचा, चित्र बांधून आणायचं, पेटीत घालून विमानापर्यंत पोचवायचं. बावीस वर्षांत त्याच्या हातून एक फ्रेमसुद्धा खरचटली नव्हती. नव्याने लागलेल्या माणसांना त्याने भरलेले जुने रिपोर्ट नमुना म्हणून दाखवत असत.

हे चित्र काल सकाळी त्याने दुबई मरीनामधल्या एकतिसाव्या मजल्यावरून उतरवलं होतं. मालकीण मिसेस कीगन, ऐंशीच्या घरातली आयरिश बाई. नवरा इथेच इंजिनियर होता, इथेच गेला. चित्र तिच्या आजीच्या बहिणीने काढलेलं. ती शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पॅरिसला जाऊन शिकून आली होती आणि तिकडचे नवे रंग डोक्यात घेऊन आपल्या आयरिश गावात फळं रंगवत बसली होती. 'नासपतीची सावली कुणी जांभळी पाहिली आहे का?' म्हणून गाव हसायचं. आता शंभर वर्षांनी डब्लिनमधल्या एका संग्रहालयाने हे चित्र प्रदर्शनासाठी मागितलं होतं. गुरुवारचं विमान होतं.

हेमचंद्रने रिपोर्टात लिहिलं, स्थिरचित्र, फळं, पोस्ट-इम्प्रेशनिस्ट शैली, कॅनव्हासवर तैलरंग. मग तो एकेक इंच बघू लागला. तेव्हा ती बाई त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"इथे भिंग लावा," ती म्हणाली. "या नासपतीवर. ब्रशने नाही काढलेली. अंगठ्याने."

त्याने भिंग लावलं. जाड पिवळ्या रंगात खरोखरच बारीक गोल रेषा होत्या. एका बाजूला नखाची कडसुद्धा उमटली होती.

"छत्तिसाव्या वर्षी गेली ती," मिसेस कीगन म्हणाली. "तिचा एक फोटोसुद्धा नाही आमच्याकडे. एवढंच आहे."

रिपोर्टात त्याने ती ओळही लिहिली: 'नासपतीवर अंगठ्याचा ठसा, स्पष्ट, अखंड.' खाली दोघांच्या सह्या झाल्या.

"जपून न्या."

"माझ्या मुलीला न्यावं तसं नेतो, मॅडम." हे वाक्य तो प्रत्येक घरी म्हणत असे.

गाडीत बसल्यावर वीस मिनिटांचा रस्ता होता. अर्ध्या वाटेत ईशानीचा फोन आला.

"बाबा, बोर्डाच्या लिस्टमध्ये माय नेम इज राँग. टुडे इज द लास्ट डे. पेरेंट हॅज टु साइन, बिफोर वन. मम्मा कॅनॉट लीव्ह."

गाडीत चित्र असताना वाट सोडायची नाही, हा नियम हेमचंद्रनेच हारुनला शिकवला होता. हारुन दापोलीकडचा, गाडीचा ड्रायव्हर. पाच वर्षांपूर्वी त्याला या कंपनीत चिकटवलं तेही हेमचंद्रनेच. "ऊद मेथाला घे," तो हारुनला म्हणाला. "दोन मिनिटांचं काम आहे."

शाळेपाशी पोचले तेव्हा दुपारच्या नमाजची वेळ झाली होती. "जा तू, मी आहे गाडीपाशी," हेमचंद्र म्हणाला आणि हारुनच्या हातातून चावी घेतली. हारुन गेला. तेवढ्यात ईशानीचा पुन्हा फोन. बाबा, काउंटर बंद होतोय. चालू गाडी रस्त्यात सोडून जाता येत नाही. त्याने एसीसकट इंजिन बंद केलं, गाडी लॉक केली आणि धावत आत गेला. आत रांग होती. मग फॉर्म चुकीचा निघाला. मग सही करणाऱ्या बाई जागेवर नव्हत्या.

तो बाहेर आला तेव्हा हारुन गाडीच्या सावलीत उभा होता. सप्टेंबरचं ऊन. दाराच्या दांडीला हात लावला तर चटका बसला.

"बंद होती गाडी?" हारुनने विचारलं.

"चल," हेमचंद्र म्हणाला.

गोदामात आल्याबरोबर चित्र थंड खोलीत गेलं. कॅनव्हास उष्णतेने सैल पडतो आणि थंडीत पुन्हा ताणला जातो, आणि मग जुना जाड रंग तडकतो, हे हेमचंद्रला ठाऊक होतं. काल संध्याकाळी कागद उघडून बघायला हवं होतं. त्याने बघितलं नाही.

*

ऑपरेशन्स मॅनेजर देवांश दोन वर्षांपूर्वी दिल्लीहून आला होता. हेमचंद्रहून पंधरा-सोळा वर्षांनी लहान, पण त्याला 'जी' लावल्याशिवाय बोलत नसे. त्याने चित्र पाहिलं, कागदाला चिकटलेला तुकडा पाहिला, आणि पहिला प्रश्न केला तो वेगळाच.

"रिपोर्ट क्लायंट को गया?"

"नहीं सर. आज मेल होना था."

देवांशने श्वास सोडला. "थँक गॉड. फिर तो सिंपल है, हेमचंद्रजी. नया फॉर्म भरिए. नासपती पर पुराना डॅमेज, पिकअप के वक्त से. कल के फोटो मैं हटवा देता हूँ."

"उन्होंने मेरे साथ खड़े होके देखा है, सर. साइन किया है."

"अस्सी साल की हैं. क्या देखा, क्या नहीं देखा, कौन बताएगा? रशीदा मॅडम चार बजे आएँगी चेक करने, म्यूझियम की तरफ से. उनको नया रिपोर्ट दिखाएँगे." त्याने कागदाकडे बोट केलं. "और वो टुकड़ा फेंक दीजिए. पुराना डॅमेज है तो टुकड़ा कहाँ से आया? खलास."

हेमचंद्र उभाच राहिला. देवांशने लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. नकाशावर एक लाल ठिपका होता.

"ये देखिए. कल ऊद मेथा में गाड़ी इकतालीस मिनट बंद खड़ी थी. साढ़े बारह से. टाइम देखके कोई भी समझेगा. हारुन नमाज़ को गया, गाड़ी बंद करके. आप भी चाय-वाय को उतरे होंगे, मैं नहीं पूछ रहा. चाबी ड्रायव्हर की ज़िम्मेदारी होती है. मैंने यहाँ आने से पहले उसको पूछा, उसने मान भी लिया."

"क्या मान लिया?"

"कि गलती उसकी है." देवांशने आवाज खाली आणला. "देखिए, मुझे किसी का नुकसान नहीं करना. आप फॉर्म साइन कर दीजिए, बात खतम. नहीं करेंगे तो मुझे ऊपर किसी का नाम देना पड़ेगा, और हारुन का वीज़ा कॅन्सलेशन आज ही डालना पड़ेगा. साढ़े तीन तक सोच लीजिए."

*

पेट्या बनवायच्या खोलीत हारुन प्लायवूडच्या ढिगावर बसला होता. आजच्या पेटीचं माप भिंतीवर पेन्सिलने लिहिलेलं होतं. लाकूड कापायचं राहिलं होतं.

"तू का कबूल केलंस?" हेमचंद्रने विचारलं.

"मग काय सांगू? दादा उतरले म्हणून?" हारुन खाली बघत म्हणाला. "चावी कागदावर माझ्याच नावाने असते. मी काय खोटं बोललो नाही."

"चावी माझ्या खिशात होती."

"ते मला नि तुम्हाला माहीत. साहेबाला कशाला?" तो उठून जवळ आला. "दादा, सही करा ना. साहेब स्वतः सांगतोय. कुणाचं काय जातंय? एक नासपती तर आहे. म्हातारीची दोन सफरचंदं, लिंबू, सगळं जागच्या जागी आहे. डिसेंबरात माझं लग्न आहे. सगळ्यांना आवतणं गेली. आता मी बॅग घेऊन घरी गेलो तर मुलीकडचे काय म्हणतील?"

"काही होणार नाही तुला."

"कसं होणार नाही? तुम्ही सही केलीत तरच होणार नाही ना." हारुनचा आवाज चढला, मग त्याने दाराकडे पाहून तो उतरवला. "अल्ला कसम, मी कुणाला काही बोलणार नाही. तुम्ही फक्त सही करा."

हेमचंद्रने जिन्याखाली जाऊन सुचित्राला फोन लावला. ती अल कुसैसमधल्या एका दवाखान्यात लॅब टेक्निशियन होती.

"बोला पटकन, माणसं उभी आहेत."

त्याने सांगितलं. भराभर, कालपासूनचं सगळं.

"ईशानीला माहितेय?" शेवटी तिने विचारलं.

"नाही."

"तिला कळू देऊ नका. आपल्यामुळे झालं असं धरून बसेल ती. बारावीचं वर्ष आहे."

"हो."

"सही केलीत?"

"अजून नाही."

"अजून," ती म्हणाली. पलीकडे कुणीतरी तिला हाक मारली. "अहो, तुम्ही मला विचारताय की सांगताय?"

तो जिन्याच्या कठड्यावरची धूळ पुसत राहिला.

"ठेवते मग," ती म्हणाली. पण फोन लगेच ठेवला नाही. तिचा श्वास त्याला ऐकू येत होता. मग लाईन बंद झाली.

अडीच वाजता त्याने नवा फॉर्म घेतला. टेबलापाशी बसला आणि आपल्या नेहमीच्या सुबक अक्षरात भरायला लागला. चित्राचं नाव, माप, फ्रेम, मागची बाजू. हात सवयीने चालत होता. सफरचंदं, ठीक. लिंबू, ठीक. ताटली, निळा काठ, ठीक. नासपती. इथे तो थांबला. तीन शब्द लिहायचे होते. ते लिहिले की हारुनचं लग्न होणार होतं, ईशानीची बारावी होणार होती, देवांशची नोकरी राहणार होती, आणि गुरुवारी चित्र विमानात बसणार होतं. मिसेस कीगनने काही म्हटलंच तर सगळे तिला समजावणार होते की मॅडम, तुमच्या लक्षात नाही.

त्याने पेन खाली ठेवलं. आधी तुकडा टाकू, मग लिहू, असं म्हणून तो कचऱ्याच्या डब्यापाशी गेला. तुकडा त्याने चिमट्याने कागदावरून सोडवून पांढऱ्या पुठ्ठ्यावर घेतला होता. डब्याच्या तोंडाशी पुठ्ठा तिरपा करायच्या आधी त्याने एकदा भिंग लावलं.

सात रेषा होत्या. त्याने मोजल्या. सातवी रेष कडेला तुटली होती. उरलेल्या चित्रावर राहिल्या असतील. रंग ओला असताना चित्र काढणारी ती बाई वाकून उभी असेल, ब्रशने मनासारखं होत नसेल, आणि तिने वैतागून अंगठाच टेकवला असेल. तिला हे काम कुणी सांगितलेलं नव्हतं, आणि ते बघायलाही कुणी येणार नव्हतं. लोक हसतच होते.

हेमचंद्रने भिंग खाली ठेवलं.

तो परत टेबलाशी आला. स्क्रू ठेवायची एक छोटी झाकणाची डबी त्याने रिकामी केली, पुसली, आत मऊ कागद घातला, तुकडा ठेवला आणि झाकण लावलं. मग चिठ्ठी चिकटवून त्यावर चित्राचं नाव, तारीख आणि 'नासपती, सुटलेला थर' असं लिहिलं. खाली आपली सही केली. सही झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की आता ही डबी फेकता येणार नाही.

अर्धवट फॉर्म त्याने फाडला. कोऱ्या कागदावर चार वाक्यं लिहिली. काल दुपारी मी गाडीची वाट बदलायला सांगितली. चावी माझ्याकडे होती. इंजिन बंद करून मी खासगी कामासाठी गेलो. ड्रायव्हर माझ्या परवानगीने गेला होता आणि त्याला याची कल्पना नव्हती.

तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. कागद देवांशला दिला की तो अडवणार, हे त्याला कळत होतं. त्याने आधी मरीनातल्या घरी फोन लावला.

मिसेस कीगनने सगळं ऐकून घेतलं.

"किती वेळ?" तिने विचारलं.

"एक्केचाळीस मिनिटं, मॅडम."

"का?"

"मुलीच्या शाळेत सही करायची होती."

मग ती म्हणाली, "तुम्ही मला म्हणाला होतात, मुलीला न्यावं तसं न्याल."

"हो, मॅडम."

"मी विश्वास ठेवला."

"हो."

तिने फोन ठेवला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

*

देवांशने कागद दोनदा वाचला.

"आपने उनको फोन भी कर दिया?"

"जी."

"मुझसे पूछे बिना?" त्याचा चेहरा उतरला होता. त्या क्षणी तो फार तरुण दिसत होता. "हेमचंद्रजी, मैं आपको बचा रहा था. आपको समझ में आया था ना? आपको!"

"आया था, सर."

"तो फिर?"

हेमचंद्रने मान हलवली.

चार वाजता रशीदा आली. हैदराबादची, पन्नाशीची, जुनी चित्रं दुरुस्त करण्यात आयुष्य गेलेली बाई. तिने चित्रावर दिवा धरला, मग डबीचं झाकण उघडलं आणि भिंग डोळ्याला लावून बराच वेळ बघत राहिली. हारुन दारात उभा होता.

"कल बाँधा किसने था?" तिने विचारलं.

"मैंने," हेमचंद्र म्हणाला.

"और ये टुकड़ा?"

"वो भी मैंने."

डबी तिने आपल्या पर्समध्ये नाही, हातात धरून नेली.

त्या आठवड्यात हेमचंद्रला कामावरून काढल्याची नोटीस मिळाली. हारुनला लेखी ताकीद मिळाली, त्याची नोकरी राहिली. तरी तो आठ दिवस हेमचंद्रशी बोलला नाही. नवव्या दिवशी तो हेमचंद्रच्या अल कुसैसमधल्या घरी आला, खांद्यावर गोदामात राहिलेली त्याची हत्यारांची पेटी घेऊन.

"मला निदान विचारायचं तरी होतंत," तो दारातच म्हणाला. "मी तयार होतो."

"म्हणूनच नाही विचारलं."

हारुनने पेटी खाली ठेवली. सुचित्राने चहा आणला. तो त्याने उभ्यानेच प्यायला आणि जाताना हेमचंद्रचा हात दोन्ही हातांत धरला.

चित्र गुरुवारच्या विमानात बसलं नाही. प्रदर्शन त्याच्याशिवाय उघडलं. महिन्याभराने रशीदाचा फोन आला की तुकडा जागेवर बसला आहे. "मगर लकीर दिखती है," ती म्हणाली. "कड़ी रोशनी में देखो तो दिखती है. वो नहीं जाएगी." मिसेस कीगनने आपलं सगळं काम दुसऱ्या कंपनीला दिलं. तिने हेमचंद्रला पुन्हा कधी फोन केला नाही, आणि त्यानेही केला नाही.

"बाबा, व्हाय आर यू होम?" ईशानीने एका दुपारी शाळेतून आल्यावर विचारलं.

"कंपनीत माणसं कमी करतायत गं," तो म्हणाला. एवढं एकच खोटं तो बोलला.

तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं. मग "ओके" म्हणून आत गेली. तिला काही कळलं होतं का, हे त्याने कधी विचारलं नाही.

ऑक्टोबरच्या अखेरीस, कंपनीने काढून दिलेल्या व्हिसाची मुदत संपत आल्यावर, हेमचंद्र आणि सुचित्रा व्हिसाचे अर्ज भरून देणाऱ्या टायपिंग सेंटरमध्ये गेले. ईशानीची परीक्षा होईपर्यंत तरी इथे राहायचं, मग पुढचं बघू, असं ठरलं होतं. सुचित्राने दवाखान्यातून अर्धी सुट्टी काढली होती. काचेपलीकडे एक केरळी माणूस भराभर टाइप करत होता. त्याने मान वर न करता विचारलं, "फॅमिली व्हिसा? स्पॉन्सर कौन?"

"मैं," हेमचंद्र म्हणाला.

टायपिस्टने लिहायला सुरुवातसुद्धा केली. सुचित्राने पर्समधून आपलं आयडी कार्ड काढलं, दवाखान्यातल्या नोकरीचं पत्र काढलं, आणि दोन्ही काचेखालच्या फटीतून आत सरकवली. टायपिस्टने कार्ड पाहिलं, हेमचंद्रकडे पाहिलं, मग लिहिलेलं खोडलं.

"ओके मॅडम. आप सामने आ जाइए."

हेमचंद्र उठला. त्याने आपली खुर्ची बाजूला ओढली आणि तिची काचेसमोर आणून ठेवली.